पाचपैकी दोन

शिडी. लोणी. घंटा. खिळा. दुलई.

यंदा क्लबच्या खुर्च्यांना नवा निळा रंग. विजेवर चालणारा गुणफलक.

सरावानंतरचे मासे-चिप्स बंद, उकडलेली कोंबडी सुरू. बसमध्ये टाय सक्तीचा.

एक बूट पायात, एक फरशीवर.

"पुन्हा सांग," डॉक्टर शमीम म्हणाल्या. "मघाशी दिलेले पाच शब्द."

डॅझ हेप्वर्थ ड्रेसिंग रूमच्या टेबलावर पाय सोडून बसला होता. भिंतीपलीकडे रग्बीच्या सामन्याची गर्दी गात होती. समोरून धावत आलेल्या गड्याला अडवताना डॅझचं डोकं त्या गड्याच्या कमरेच्या हाडावर आदळलं होतं.

"शिडी," तो म्हणाला. "लोणी." मग थांबला. "घंटा."

पुढे काही आलं नाही.

शमीमनी टॅबलेटवर जानेवारीचा आकडा काढला. मोसम सुरू होण्याआधी, डोकी शाबूत असताना, प्रत्येक खेळाडूची हीच चाचणी होते. मार लागल्यावरचा आकडा त्याच्याशी ताडायचा. घसरला, तर खेळाडू बाहेर.

"जानेवारीत दोन. आज तीन." त्यांनी चष्मा वर सरकवला. "डोकं आपटून हुशार झालेला माझा पहिलाच पेशंट."

"मग रोज आपटत जातो, डॉक्टर."

"तोल ठीक. डोळे ठीक." त्या क्षणभर घुटमळल्या. "नियमाने तू जाऊ शकतोस."

डॅझ खाली वाकून बूट घालू लागला. हा सामना जिंकला की क्लब वरच्या विभागात जाणार होता. वरच्या विभागात पूर्णवेळ करार. डॅझ तेहतीस वर्षांचा होता. आठवडाभर तो लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचा आणि रविवारी हाडं सडकून घ्यायचा. नुसतं खेळून पोट भरायची संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती. फलकावर चार गुणांची आघाडी होती आणि मैदानाचा मधला भाग त्याच्यावाचून उघडा पडला होता.

दारात प्रशिक्षक ट्रेव्हर लम येऊन उभा राहिला. "काय ठरलं?"

"पास," डॅझ म्हणाला. "सरक, ट्रेव्ह. दार अडवतोयस."

लम सरकला नाही. तो शमीमच्या हातातल्या आकड्यांकडे बघत होता.

"बूट काढ," तो म्हणाला.

"काय?"

"डॉक्टर, जानेवारीचा दोन खोटा आहे. सगळ्यांचेच आकडे खोटे आहेत. मुद्दाम विसरा, असं पोरांना मीच सांगितलं होतं. म्हणजे मार बसला तरी परत खेळता येतं."

डॅझ उठून त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. "आत्ता? बाहेर सामना चाललाय, आणि तुला आत्ता पाद्री व्हायचंय?"

"जिंकल्यावर काय, कुणीही खरं बोलेल."

"वर्षभर डोकं खाल्लंस आमचं. व्यावसायिक क्लब, व्यावसायिक क्लब. टाय घातला. तुझी ती बेचव कोंबडी गिळली. आणि आज घास तोंडाशी आलाय तर..."

"डॅझ," शमीम मध्येच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "जानेवारीत तुला खरं किती आठवत होते?"

बाहेर कुणीतरी चेंडू सोडला असावा. गर्दी एकदम हळहळली.

"पाचही," तो म्हणाला. "उलट्या क्रमानेसुद्धा."

"मग आज दोन हरवलेत."

डॅझने लमकडे पाहिलं. मग पुन्हा टेबलावर बसला. बूट लमनेच काढला. नाडीची गाठ घट्ट होती, वेळ लागला.

दिवा बंद केलेल्या खोलीत, डोळ्यांवर ओला टॉवेल ठेवून, डॅझने उरलेला सामना कानांनी पाहिला. समोरचे त्या उघड्या मधल्या भागातूनच घुसले. सहा गुण. क्लब दोन गुणांनी हरला. लम मैदानातून परतताना कुंपणाशी उभा असलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "घरी जाऊन कबुतरं पाळ, बाबा. तुझ्याकडून हे व्हायचं नाही."

"माझ्याकडे आहेत कबुतरं," लम म्हणाला. "शर्यतीत तीही हरतात."

पुढच्या जानेवारीत चाचणीला फार वेळ लागला. क्लब खालच्याच विभागात होता, डॅझची काचांची व्हॅन बाहेर उभी होती. शब्द नवे होते. पोरं डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसली होती, शाळेत कधी बसली नसतील तशी. एकाने जोरात सहावा शब्द सांगितला. तो मुळात दिलेलाच नव्हता. सगळे हसले. डॅझचे पाचही बरोबर आले, आणि त्याने उलट्या क्रमाने म्हणून दाखवू का, असं विचारलं.

"नको," शमीम म्हणाल्या. "लिहून घेतलंय."

लम चहाचे मग घेऊन आत आला. कुणाला किती साखर लागते हे त्याने विचारून घेतलं.

१९९६ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला चेंडू रेषेपार टेकवून विजयी ट्राय केला तो डोकं आपटूनही खेळत राहिलेल्या ट्रेव्हर लमने. त्याला तो आठवत नाही. त्याने तो फक्त टीव्हीवर पाहिला आहे.