नावानं हाक

केडगावचे पोपटराव आणि शेवंताबाई गावच्या मंडळींबरोबर नैनितालला सहलीला गेले होते. तळ्याकाठच्या डोंगराची पायवाट चढताना पोपटराव झपाझप पुढं निघून गेले.

"अहो, थांबा की," शेवंताबाईंनी हाक मारली. सहलीतले बाकी सगळे नवरे वळले, त्यांचे तेवढे वळले नाहीत.

लग्नाला तीस वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडी कधी आलं नव्हतं. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि जोरात ओरडल्या, "पोपटराव..."

पोपटराव जागीच थांबले. कानापर्यंत लाल झाले. शेवंताबाई तोंडाला पदर लावून हसतच त्यांच्यापाशी पोचल्या.

"पयली हाक ऐकू आली न्हाई व्हय?"

"आली की," पोपटराव म्हणाले, आणि पुन्हा झपाझप पुढं चालायला लागले.