पत्र्यावरचं नाव

लढाईच्या काळातल्या लष्करी जीपसाठी खंडेरावांनी कुंभवलीच्या आपल्या शेडमध्ये नवी बॉडी बनवली. मूळ पत्र्याची गंजून चाळण झाली होती. त्याच्यावरून मापं घेऊन त्यांनी नवा पत्रा हातानं ठोकला, एक भोक इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. शेवटी नेहमीप्रमाणे तळाला, खालच्या बाजूनं, ‘कुंभवली’ आणि चालू साल कोरलं.

बॉडी न्यायला आलेला दलाल मनीष ते बघून हळहळला. “काका, एवढं घासून टाका. लढाईतलाच पत्रा म्हणून विकतो. पुढची सगळी कामं तुम्हालाच.”

“लढाईतला पत्रा तिकडं कोपऱ्यात पडलाय, तो ने. हा मी बनवलाय.”

मनीष हात हलवत परत गेला.

“गाडीखाली झोपून कोण बघणार होतं तुमचं नाव?” त्यांची बायको रंभाबाई चहा ठेवता ठेवता फणकारली. ती बॉडी नाशिकच्या एका हौशी माणसानं नवी म्हणूनच नेली, आणि पुढच्या प्रत्येक बॉडीवरही खंडेरावांनी नाव कोरलंच.

काही वर्षांनी मनीष पुन्हा उगवला. पांढराशुभ्र शर्ट घातलेला, पण आल्या आल्या मोबाइलचा उजेड पाडत तो तयार बॉडीखाली उताणा सरकला.

“अगं बाई, हा काय करतोय?” रंभाबाईंनी विचारलं.

“नाव बघतोय, काकू,” खालून आवाज आला. “गिऱ्हाइकाला ओरिजिनल कुंभवलीच पाहिजे. बाजारात डुप्लिकेट फार आलेत.”