परतीचा मासा

“मनगट वळवू नकोस. काठी सावकाश वर घे, आणि मग सोड.”

कमलाकर काठावर घडीच्या खुर्चीत बसून सांगत होते. सुलक्षणा मांड्यांपर्यंत पाण्यात उभी होती, त्यांचे वेडर्स घालून. ती रबरी विजार तिला ढगळ होत होती, म्हणून वरून त्यांचाच पट्टा आवळला होता. मार्चचा दुसरा आठवडा. झाडांना अजून पान नव्हतं. वेल्समधल्या वाय नदीचं पाणी रबरातून, दोन लोकरी मोज्यांतून थेट हाडांत शिरत होतं.

दर मार्चला कमलाकर लेस्टरहून इथे सामन मासे धरायला येत. ते पाण्यात, ती गाडीत शब्दकोडं घेऊन. यंदा पार्किन्सन्समुळे त्यांच्या हातात चहाचा कपही ठरत नव्हता. “तू टाक, मी बघतो,” ते म्हणाले होते. नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते. ती तिच्याकडे उरली नव्हती.

तिने काठी उचलली आणि सोडली. दोरी दहा हातांवर गुंतवळासारखी पडली.

“पुन्हा. पडली तशी पडू दे. पाणी सरळ करतं.”

पाण्याने खरंच सरळ केली. दोरीच्या टोकाची पिसांची खोटी माशी प्रवाहाबरोबर पलीकडून अलीकडे येत राहिली. मग एक पाऊल खाली, पुन्हा फेक. तासाभरात तिचे खांदे भरून आले. पण या थकव्यात एक वेगळेपण होतं. इथे कुणाची बटणं लावायची नव्हती, कुणाला घास भरवायचा नव्हता. नवरा वीस पावलांवर होता आणि हाक मारली तरी ती लगेच पोचू शकली नसती. हे बरं वाटतंय, हे लक्षात आलं तेव्हा तिला लाज वाटली. ती आणखी एक पाऊल खाली सरकली.

तेवढ्यात दोरी जड झाली. ओली गोणी अडकावी तशी. मग ती गोणी हलली आणि रीळ करकरत फिरायला लागलं.

कमलाकर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले.

“उठू नका. पडाल तुम्ही.”

ते बसले. “काठी उभी धर. ओढतोय तोवर ओढू दे. दमला की गुंडाळ.”

मासा फार झुंजला नाही. दोनदा लांब गेला, मग जवळजवळ स्वतःहून आल्यासारखा आला. सुलक्षणा काठाजवळच्या उथळ पाण्यात आली आणि गुडघ्यांवर बसली. हातभर लांबीचा मासा कुशीवर पडला होता. अंगावरची चांदी फिकट, शेपटीच्या कडा झिजून चिंध्या झालेल्या.

“कसा आहे?” कमलाकरांनी विचारलं. तिच्या पाठीआड त्यांना काही दिसत नव्हतं.

“डोकं मोठं आहे. पोट खपाटीला गेलंय.”

“मग मादी असेल. अंडी घालून परत समुद्राकडे निघालीये. नदीत शिरल्यापासून काही खाल्लं नसेल तिने. ही सोडायची. गळ काढ हळूच.”

गळ सहज निघाला. त्यांनी सांगितलं तसा तिने एक हात शेपटीपाशी धरला, दुसरा पोटाखाली, आणि माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं. कल्ले उघडत होते, मिटत होते.

“ढकलू नकोस. नुसती धरून राहा. अंगात जोर आला की तिची ती जाईल.”

“समुद्रापर्यंत पोचेल?”

“बऱ्याचशा नाही पोचत.”

तिच्या जॅकेटच्या खिशात फोनचा अलार्म वाजायला लागला. कमलाकरांची दोनची गोळी. तिचे दोन्ही हात पाण्यात होते.

“वाजू दे,” कमलाकर म्हणाले.

अलार्म वाजून वाजून आपोआप बंद झाला. पलीकडच्या काठावर मेंढ्या चरत होत्या. आजारपणाने कमलाकरांचा आवाज बारीक झाला होता, आता तो आणखी बारीक आला.

“प्रिंटरमध्ये तुझा एक फॉर्म राहिला होता. केअर होमचा.”

सुलक्षणाने मान वळवली नाही.

“लेकीला विचारलं मी फोनवर, तनिषाला. आधी सांगेना. मग म्हणाली, जागा रिकामी झालीये, सोमवारी कळवायचंय.”

“मी अजून काही ठरवलं नव्हतं.”

“ठाऊक आहे. तू ठरवणार नाहीस. म्हणून मी ठरवलंय.” श्वास घ्यायला ते थांबले. “सोमवारी हो म्हणून कळव.”

तिला बरंच काही बोलायचं होतं. खोली बघून आले होते, खिडकीतून बाग दिसते, मी रोज येईन. असं वाक्य वाक्य तिने महिनाभर मनात जुळवून ठेवलं होतं.

तिच्या तळव्यात काहीतरी घट्ट झालं. माशाची पाठ एकदा वळली, पुन्हा वळली. शेपटी तिच्या बोटांतून निसटली, आणि तपकिरी पाण्यात एक सावली खोलाकडे उतरत दिसेनाशी झाली.

सुलक्षणा तशीच ओणवी राहिली. हात पाण्यात, ओंजळ तशीच धरलेली. बोटं केव्हाच बधिर झाली होती.

“गेली का गं?” मागून कमलाकरांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “अजून नाही.”