मोरॅगची वाक्यं

इशबेलनं पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर 'कोण आलंय बघू?' ही अक्षरं पिवळी झाली आणि परत काळी. आवाज आलाच नाही.

"स्पीकर बंद असेल," फर्गस म्हणाला. स्पीकर चालू होता. मघाशी बापलेकीनं त्याच्यावरच रग्बीची मॅच ऐकली होती.

इशबेल क्राइस्टचर्चहून तान्ह्या बाळाला घेऊन डनीडनला बापाकडे आली होती, ती एवढ्याचसाठी. आजी नाही तर नाही, आजीचा आवाज तरी पोराच्या कानावर पडू दे. फर्गसच्या बायकोचं, मोरॅगचं, स्वरयंत्र ऑपरेशननं काढायच्या आधी त्यानं तिची रोजची वाक्यं तिच्याच आवाजात कॉम्प्युटरवर भरून घेतली होती. मग वर्षभर बाई बटणं दाबून बोलली, भांडलीसुद्धा. गेल्या हिवाळ्यात गेली.

फर्गस जन्मभर बंदराच्या कचेरीत प्रोग्राम लिहीत आला. नव्या पोरांना तो एकच गोष्ट बजावायचा: यंत्राच्या लिपीत ठेवलेलं यंत्राबरोबर मरतं, साध्या अक्षरांत ठेवा, उद्या कुणीही उघडून वाचेल. बरोबरच होतं त्याचं. मोरॅग गेल्यावर घरचा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, तेव्हा त्यानं एक प्रोग्राम लिहून तिची वाक्यंही, आवाजासकट म्हणून, तशीच नव्यानं साठवली. प्रत्येक वाक्याला एक उघडणारी खूण, मध्ये मजकूर, एक मिटणारी खूण. फाइल उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. शब्द होते, तारखा होत्या, कुठल्या खोलीत बसून बोलली तेही होतं. फाइल एवढीशी झाली म्हणून गडी उलट खूश. शंकेची पाल चुकचुकायला हवी होती ती इथं. पण यानं चार ठिकाणी नकला ठेवल्या, जुनं यंत्र स्वच्छ पुसलं आणि भंगारात देऊन टाकलं. नीटनेटका माणूस, नको तिथंही नीटनेटका.

आता त्यानं तो साठवणारा प्रोग्रामच उघडला. शोधायला वेळ लागला नाही. आवाजाच्या ओळीच्या डोक्यावर त्यानंच लिहून ठेवलं होतं: हे साठवू नको. चाचणीच्या वेळी फाइल फुगायला नको म्हणून लिहिलं होतं, नंतर काढून टाकू म्हणून. या धंद्यात 'नंतर'नं भल्याभल्यांना खाल्लंय. आणि फाइलमध्ये आवाजासाठी रिकामी जागासुद्धा उरली नव्हती, मग नजर अडखळणार तरी कशाला?

त्यानं लेकीला सगळं सांगितलं. चारही नकला तशाच, बिनआवाजाच्या आहेत, हेही सांगितलं.

इशबेल चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच विचारलं, "पण बाबा, एकदा बटण दाबून ऐकलं नाहीस?"

"वाचलं ना सगळं. वाचता येत होतं, म्हणून वाचलं." फर्गसनं चष्मा काढला. "ऐकायचा धीर नाही झाला गं."

एवढं बोलला आणि म्हातारा रडायला लागला, चांगला हुंदके देऊन. इशबेलला त्याचा रागही येत होता आणि कीवही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपण तरी इतके महिने कुठं ऐकायला मागितलं, हेही तिच्या मनात आलंच. आवाज काय, आहेच, जातोय कुठं, असंच तिनं धरलं होतं.

मग तिनं खुर्ची ओढली, बाळाला मांडीवर घेतलं आणि फाइल वाचायला लागली, आपल्याच आवाजात. 'मांजराला आत घे.' 'चहा गार झाला तुझा.' 'घोरत होतास, खोटं बोलू नकोस.' बाळ तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. वाक्यं नव्याकडून जुन्याकडे लावलेली होती. सगळ्यात खाली सगळ्यात पहिलं होतं, माइक नुकता जोडला तेव्हाचं. इशबेलनं तेही वाचलं.

"'फर्गस, येतोय का रे माझा आवाज?'"

फर्गसनं मान वर केली नाही. "येतोय," तो म्हणाला. "बोल तू."