बत्तीस किलोमीटर

दिनांक १४ ऑक्टोबर २०२४, सोमवार, सायंकाळचे पाच वाजून वीस मिनिटे. भंडारा न्यायालयासमोरच्या गल्लीत, वकील सत्यवतीबाईंच्या टेबलावर प्रतिज्ञापत्राची पाने चार होती आणि तिसऱ्या पानावर एक जागा रिकामी होती.

"काका, तेवढा एक शब्द टाका, शून्य. अन् खाली सही," सत्यवतीबाई म्हणाल्या. "नोटरी सहाले उठून जातात."

वासुदेवरावांनी पेनाचे टोपण काढले, वाक्य वाचले आणि टोपण पुन्हा लावले. 'माझ्या रोजच्या नोंदवहीनुसार, १ जून ते ३० सप्टेंबर या काळात माझा मुलगा चंद्रकुमार याच्या वापरातील मोटारसायकल मोहाडीस गेल्याच्या फेऱ्या :' आणि पुढे कोरी जागा.

मोहाडी हे सुनेचे माहेर. टीना मे महिन्यात तिकडे गेली ती परतली नाही. आला तो तिचा न्यायालयातला अर्ज. त्यात दोन गोष्टी होत्या. नवऱ्याने मनगट पिरगाळून मोडले, ही एक. आता तो मोहाडीत येऊन आपल्या मागावर असतो, ही दुसरी. पहिली चार भिंतींतली होती. दुसरीला उत्तर म्हणून वही होती, आणि ती वही पुढे करण्याची कल्पना वासुदेवरावांचीच.

जवाहरनगरच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे तपासणी विभागात काढली होती. निवृत्तीनंतर तपासायला उरली ती अंगणातली मोटारसायकल. रोज सायंकाळी ते तिच्या किलोमीटरचा आकडा वहीत उतरवीत, इंजिनाचे ऑइल बदलण्याची वेळ चुकू नये एवढ्यासाठी. घर ते चंद्रकुमारचे भंडाऱ्यातले ऑफिस, जाऊन-येऊन बत्तीस.

"एकदा मोजून घेतो," ते म्हणाले.

"आता?" दारात उभा असलेला चंद्रकुमार किल्ली बोटाभोवती फिरवत होता. "कायले, बाबा? रोज तुम्हीच तं लिहिता."

"लिहितो. वजाबाकी केली नाही."

"इथंबी इन्स्पेक्शन! मी काय नट-बोल्ट आहो?"

सत्यवतीबाई हसल्या. वासुदेवराव हसले नाहीत. न तपासलेल्या मालावर त्यांनी आजवर शिक्का मारलेला नव्हता. खिशातून सहा इंची पोलादी पट्टी काढून त्यांनी ती पहिल्या ओळीखाली धरली.

३ जून, बत्तीस. ४ जून, बत्तीस. पट्टी एकेक ओळ खाली सरकत गेली. ७ जूनला ती थांबली. त्यांनी वजाबाकी पुन्हा केली, या वेळी समासात आकडे मांडून. उत्तर तेच आले, बहात्तर.

"सात जूनले कुठं गेला होतास?"

"मले काय आठवते? तुमसरले असन. कस्टमरकडे."

"बहात्तरात तुमसर बसत नाही."

बहात्तरात काय बसते, हे खोलीत तिघांनाही ठाऊक होते. भंडाऱ्याहून मोहाडी वीस, परत वीस, आणि रोजचे बत्तीस. सत्यवतीबाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि मग पाहिलेच नाही असे दाखवले. चंद्रकुमार दारातून आत आला, बाहेर गेला, पुन्हा आत आला.

वासुदेवरावांनी टीनाच्या अर्जाची प्रत शेजारी ओढली. तिने तारखा दिल्या होत्या, अकरा. ते एकेक तारीख वहीत शोधू लागले. सापडली की बारीक खूण करीत. अकराही तारखांना बहात्तरच निघाले. खूण नसलेले बहात्तर तरीही वहीत उरले.

"बाबा, माहीच बायको आहे ना ते!" चंद्रकुमारचा आवाज चढला. "पाहाले गेलो तं काय गुन्हा झाला? अन् तिनं अकराच लिहिले. बाकीच्या वेळी तं मी दिसलोबी नाही तिले."

किल्ली फिरायची थांबली. आपण काय बोललो ते त्याला कळायला एक क्षण लागला.

वासुदेवरावांच्या डोळ्यांपुढे प्लॅस्टरमधले मनगट आले. "न्हाणीत घसरले, बाबा," टीना त्या सकाळी म्हणाली होती. न्हाणीची फरशी त्यांनी स्वतः दुकानात हात फिरवून निवडली होती. खडबडीत, कोणी घसरू नये म्हणून. तरीही त्या सकाळी त्यांनी नुसती मान हलवली होती आणि चहा संपवला होता.

"काका," सत्यवतीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "वही पिशवीत टाका. ते वाक्यच मी काढून टाकते. तुमच्यावर काही सांगायची सक्ती नाही."

"तुम्ही याच्या वकील आहात, बाई. तुमचं बरोबर आहे."

"मग?"

"तुम्ही हे कागद दाखल नाही केले, तं उद्या मी वही घेऊन कोर्टात उभा राहतो."

"अन् घरी आईले काय सांगसान?" चंद्रकुमार टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याचा हात वहीकडे गेला.

वासुदेवरावांनी पट्टी वहीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर आपला पंजा.

"जे मोजलं ते."

हात मागे गेला. बाहेर नोटरीने टपरीवरची फळी आत घ्यायला सुरुवात केली होती. वासुदेवरावांनी उरलेल्या पानांवरून पट्टी शेवटपर्यंत नेली, खुणा आणि बिनखुणांची बेरीज दोनदा ताडून पाहिली, आणि पेनाचे टोपण काढले. कोऱ्या जागेत त्यांनी कारखान्यातल्या रीतीप्रमाणे आधी अंकात लिहिले, मग अक्षरी.

१७, सतरा.