रिंकूचा पहिला नंबर

"म्या तं सही करून आणली होती," तुलाराम म्हणाला आणि शर्टाच्या खिशातला घडी घातलेला फॉर्म त्याने धनंजय सरांच्या हातात दिला. "आता राहू द्या, सर. पोरीचंच मन नाही."

बक्षीस समारंभ नुकताच आटोपला होता. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. वादविवाद स्पर्धेत पहिली आलेली रिंकू चषक काखेत धरून बापाच्या मागे उभी होती. खुर्च्यांच्या खडखडाटात बाप सरांना काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही, काय दिलं तेही दिसलं नाही. सरांना मात्र घडी पाहूनच कळलं. तो त्यांनीच दिलेला नागपूरच्या हॉस्टेलचा फॉर्म होता. बी.ए. झाल्यावर रिंकूला तिथे वकिली शिकायला जायचं होतं. सोमवार शेवटची तारीख होती आणि वर्षभर तुलाराम 'पाहू' याच्या पुढे सरकला नव्हता. आता खाली त्याची सही होती, आणि फॉर्म परत येत होता.

"मन नाही असं कोण म्हटलं?"

"तिनंच. आताच. माइकवर, साऱ्या लोकाईसमोर."

म्हटलं तर होतंच. विषय होता 'शिक्षणासाठी गाव सोडावे' आणि रिंकू विरोधात बोलली होती. अशी बोलली, की एका परीक्षकाने चष्मा काढून पुसला. आमच्या करडी गावच्या तलावात जाळं ओढताना एक टोक बाप धरतो, दुसरं मी धरते, असं तिने सांगितलं. मी डिग्री घ्यायला निघून गेले तर ते दुसरं टोक कुणाच्या हातात द्यायचं, एवढं मला कुणी सांगा. मग ती पूर्ण तीन सेकंद गप्प राहिली. ते तीन सेकंद सरांनी शिकवलेले. शेवटच्या रांगेत अंग चोरून बसलेला तुलाराम खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसत होता.

धनंजय सरांची शिकवण्याची रीतच वेगळी. बाकीचे शिक्षक मुद्दे लिहून द्यायचे. हे भाषणं उसवून दाखवायचे. सरपंचाचं भाषण, बियाण्याची जाहिरात, निवडणुकीचं पत्रक, काही सुटायचं नाही. कोण बोलतो, कुणाशी बोलतो आणि ऐकणाऱ्याची दुखरी जागा त्याला कशी सापडली? रिंकूला त्यांनी बजावलं होतं, मंडपाशी बोलू नको, एका माणसाशी बोल. तिने सगळ्यात जवळचा माणूस निवडला. तो माणूस आज पहिल्यांदाच कॉलेजात येऊन बसेल, हे तिच्याही ध्यानीमनी नव्हतं आणि सरांच्याही.

"तुलारामभाऊ, ते स्पर्धेतलं बोलणं," सर हसून म्हणाले. "चिठ्ठ्या टाकतो आम्ही. हिच्या चिठ्ठीत 'विरोधात' निघालं. 'बाजूने' निघालं असतं तर बाजूने बोलली असती."

"असंच? रडू येईन असं?"

"याहून जास्त!" सर अभिमानाने म्हणाले. आणि म्हटल्याबरोबर तो शब्द गिळून टाकावासा वाटला त्यांना.

तुलाराम विचारात पडला. माणूस भांडखोर नव्हता. समजलं नाही की विचारायचा, एवढंच.

"म्हणजे खोटं बोलली?"

"खोटं नाही हो. बाजू मांडली."

"खोटं नाही, तं मंग तिले जाचं नाही. अन् खोटं आहे, तं पयला नंबर काहून देल्ला?"

वीस वर्षं युक्तिवाद शिकवलेल्या माणसाने फॉर्मची घडी उघडली, पुन्हा घातली. त्यांना स्वतःचा राग आला. आणि मास्तरच शेवटी, त्या प्रश्नाचं कौतुकही वाटलं.

घडी उघडली तेव्हा रिंकूने फॉर्म ओळखला. सही पाहिली. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा, सही केली होती तुमी?"

"सकारीच. तुयी माय म्हणे, धाडा. म्हटलं, धाडू. जाळ्याले तुया चंद्रकुमार काकाले घेऊ संगं." मग त्याचा आवाज खाली आला. "पण तुले माहा इतका जीव लागते, मले कोठं माईत होतं? घरी तं तू कधी बोलली नाही. बरं वाटलं मले. खरंच बरं वाटलं. आता जबरदस्तीनं नाही धाडत मी तुले."

रिंकूच्या तोंडाशी सगळे मुद्दे आले. दोन्ही बाजू तयारच होत्या तिच्या, आकड्यांसह, दाखल्यांसह. तिने श्वास घेतला, मान वर केली, बापाच्या डोळ्यांत पाहिलं. अगदी सरांनी शिकवलं होतं तसं. आपण काय करतोय ते तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. चषक तिने खुर्चीवर ठेवून दिला.

"मले जाचं हाये, बाबा," ती म्हणाली. आवाज फाटला.

यात शिकवलेलं काही नव्हतं. ना मुद्दा, ना दाखला. सरांनी ते शपथेवर सांगितलं असतं. पण त्यांच्या शपथेला आता कोण विचारतो?

तुलारामने लेकीकडे पाहिलं. टोमणा मारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"अन् हे," त्याने हळूच विचारलं, "हे कोणत्या चिठ्ठीतलं होय, बाई?"