शेवटचा रकाना

चष्म्याच्या दुकानाच्या काचेतून त्याला दोघं दिसली, आणि दारापर्यंत गेलेला तो आत न शिरताच मागे फिरला.

दुकान त्याच्या बायकोचं होतं. गिऱ्हाइकासमोर बसणं हे तिचं कामच. पण समोरच्या निळ्या शर्टवाल्याच्या नाकावर चष्मा नव्हता, टेबलावर एकही फ्रेम काढलेली नव्हती, आणि बायको त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती नवऱ्याकडे असं बघायची.

संध्याकाळी चहा पिताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज गर्दी होती का दुकानात?"

"छे रे. एकच जण आला होता."

"चष्मा करायला?"

"नाही." तिने सासूच्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि कपबश्या उचलल्या. "नुसता बोलत बसला होता."

आत आई रेडिओ ऐकत होती. तिच्या कानावर जायला नको म्हणून त्याने आवाज चढवला नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. पुढच्या तीन आठवड्यांत त्याने निळ्या शर्टवाल्याला दुकानात आणखी दोनदा पाहिलं. दुसऱ्या वेळी त्याने पांढरा शर्ट घातला होता, तरी याच्या लेखी तो निळा शर्टवालाच राहिला. बायको हल्ली फोन उलटा ठेवायची. आई खोलीत आली की बोलता बोलता गप्प व्हायची.

तो भूलतज्ज्ञ होता. कोणाचं हृदय कमजोर, कोणाला दमा, कोणाची मूत्रपिंडं निकामी, कोणी सात महिन्यांची गरोदर. असली अवघड माणसं ऑपरेशनआधी त्याच्याचकडे पाठवली जात. तो एकेकाला अर्धा अर्धा तास प्रश्न विचारायचा. सर्जन वैतागायचे. सिस्टर म्हणायची, "सर, पोलीससुद्धा इतकं विचारत नाहीत." अठरा वर्षांत त्याच्या हातून टेबलावर कोणी दगावलं नव्हतं.

एका सकाळी बायको म्हणाली, "गुरुवारी हर्नियाचा एक पेशंट येईल तुझ्याकडे. माझ्या ओळखीचा आहे. त्याला दुसऱ्या कोणाकडे देऊ नकोस."

"का? बाकीच्यांना भूल देता येत नाही?"

"तू नीट बघतोस म्हणून."

"मी सगळ्यांनाच नीट बघतो."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली आणि दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघाली.

गुरुवारी दार उघडून निळा शर्टवाला आत आला तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही. याला माझ्याच हाताखाली झोपवायचं, आणि वर मीच काळजी घ्यायची. बायकोच्या धाडसाची कमाल होती.

"बसा. वय?"

"तेहेतीस."

म्हणजे आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याने रक्तदाब घेतला, छाती तपासली, तोंड उघडायला लावलं. दात एकसारखे होते. हृदय घड्याळासारखं चालत होतं. दमा नाही, साखर नाही, कसली अ‍ॅलर्जी नाही. कुठे म्हणून खोट सापडेना, तसतसा त्याचा आवाज कोरडा होत गेला.

"काय काम करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"लग्न?"

हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. सिस्टरने मान वर करून पाहिलं.

"नाही झालं अजून," तो म्हणाला. जरासा हसलासुद्धा.

त्या हसण्याने याचं डोकं फिरलं. फॉर्मवर शेवटचा एकच रकाना उरला होता: रक्ताच्या नात्यात कोणाला भुलीचा त्रास? न विचारताच त्याने तिथे 'नाही' लिहिलं, सही ठोकली आणि कागद सिस्टरच्या हातात दिला. हा माणूस कधी एकदा खोलीबाहेर जातो असं त्याला झालं होतं.

सिस्टर दारापर्यंत गेली.

"थांबा. आणा तो कागद इकडे."

तो स्वतः नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील अपेंडिक्सच्या साध्या ऑपरेशनमध्ये गेले होते. भूल दिल्यावर जबडा आवळला, अंग ताठ झालं, ताप चढत गेला. आईला बिलगून तो बाहेर बाकावर बसला होता. काही जणांच्या स्नायूंना भुलीचे ठरावीक वायू सोसत नाहीत आणि हा दोष बापाकडून मुलात उतरू शकतो, हे त्याला पुढे शिकताना कळलं. आधी कळलं तर दुसरी औषधं देऊन माणूस सुखरूप घरी जातो. फक्त विचारावं लागतं.

बायकोचा यार असला म्हणून काय झालं. आत्ता तो पेशंट होता.

त्याने 'नाही' खोडलं. सिस्टर पुढच्या पेशंटला आणायला बाहेर गेली.

"एक राहिलं. रक्ताच्या नात्यात कोणाला भुलीचा त्रास झालाय?"

निळा शर्टवाला खुर्चीत सरळ बसला.

"वडिलांना. ते टेबलावरच गेले. अंग भट्टीसारखं तापलं होतं म्हणे."

"कसलं ऑपरेशन?"

"अपेंडिक्स. मी तेव्हा आईच्या पोटात होतो. ती फाटकाबाहेरच उभी राहिली, आत जाता आलं नाही तिला."

"का?"

"आत बाकावर त्यांची बायको बसली होती. आणि नऊ वर्षांचा मुलगा." त्याने थेट डॉक्टरकडे पाहिलं. "वहिनी म्हणाल्या, दादा हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाहीत. ते विचारतील तेव्हाच सांग."